दिवसाउजेडी मध्यरात्र

माझ्या काकांना बाजारात सगळे ‘मिनिट’ म्हणायचे. दुकानात कुणीही आलं की डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणायचे, "एक मिनिट हं," आणि ते मिनिट अर्धा-पाऊण तास चालायचं. घड्याळजीचं मिनिट एवढं लांब कसं, यावर लोक हसायचे, पण उठून कुणी जायचं नाही. साधी दुरुस्ती शहरात कुठेही व्हायची. तारीख दाखवणाऱ्या घड्याळाची तारीख बिघडली, की मात्र दुसरे घड्याळजीसुद्धा गिऱ्हाइकाला काकांचंच दुकान दाखवायचे.

दुकान म्हणजे औषधांच्या दुकानाला लागून जिन्याखाली काढलेली जागा. आत दोघं बसली की तिसऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहायचं. जिना तिरपा असल्यामुळे छतही तिरपं होतं, आणि उंच माणूस उठताना हमखास टाळकं आपटून घ्यायचा. काका त्याला आधी सावध करायचे, मग एक मिनिट हं म्हणायचे.

तारखेचं काम त्यांनी मला कितीदा तरी समजावलं होतं. तबकडीखाली एक सपाट कडं असतं, त्यावर एक ते एकतीस आकडे छापलेले, आणि आतल्या कडेला एकतीस दात. तासाच्या काट्याला जोडलेलं एक चाक दिवसाकाठी एकदाच फिरतं. त्याला एक बोट असतं, ते मध्यरात्रीच्या सुमाराला कड्याचा एक दात पुढे ढकलतं आणि खिडकीत पुढचा आकडा येतो. बहुतेक घड्याळांत हे हळूहळू चालतं. रात्री दहा-अकरापासून आकडा सरकू लागतो, बाराला तो खिडकीत अर्धा इकडे अर्धा तिकडे असतो, आणि साडेबारा-एकपर्यंत जागेवर बसतो. चांगल्या घड्याळात संध्याकाळभर एक स्प्रिंग ताण साठवत राहते आणि बाराच्या ठोक्याला तो सगळा एकदम सोडून देते. टक्. डोळ्याचं पातं लवायच्या आत तारीख बदललेली असते.

हे तपासायला रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही. चावी ओढून काटे पुढे फिरवायचे, की झाली मध्यरात्र. काका सकाळच्या उजेडात दहा-दहा वेळा मध्यरात्र आणायचे. "कोर्टातली तारीख पुढे पडते," ते म्हणायचे, "आपली जागेवर पडली पाहिजे."

काकू घरी शिवणकाम करायची. दोन-तीन शिंपी कोटांची काजं तिच्याकडेच पाठवायचे, कारण तिचं काज वर्षानुवर्षं उसवायचं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं घर दुकानाच्याच जिन्यावर आणि आमचं त्याहून दोन मजले वर, त्यामुळे दोन्ही घरांत मिळून लाडाची मी एकटीच. पुढची हकीकत काही मी पाहिलेली आहे, बरीचशी काकूनं नंतर सांगितलेली.

काकांची नजर गेली ती मधून गेली. कडेचं सगळं दिसायचं. दार, माणूस, रस्त्यावरची सायकल. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसल्यासारखं व्हायचं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. भिंग बदलून जाडं घेतलं. टेबल दाराजवळ सरकवलं. चहाची किटली मागून घ्यायचे आणि ओतताना एक बोट कपाच्या कडेवर ठेवायचे. काकूला दिसत होतं, पण ती वाट बघत होती, ते आपणहून बोलतील म्हणून. एकदा तिनं विचारलं, "अहो, डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" तर ते म्हणाले, "मी जाऊन आलोय." तिनं पुढे विचारलं नाही आणि त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही.

तशाच एका दुपारी काकू डबा घेऊन दुकानात गेली होती. पलीकडच्या इस्पितळातली एक सिस्टर आली. गेली कित्येक वर्षं काकांकडेच घड्याळ आणणारी, शांत स्वभावाची बाई. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"काका, मागच्याच आठवड्यात तुमच्याकडून नेलं. याची तारीख दुपारी बदलते."

"दुपारी?"

"हो. माझ्या लक्षातच आलं नाही. एका पेशंटला मी दुपारचं इंजेक्शन दिलं आणि सवयीनं मनगटाकडे बघून कागदावर तारीख टाकली. ती पडली उद्याची. दुसऱ्या दिवशी कामावर असलेल्या मुलीला वाटलं, आजचं देऊन झालंय. तिनं दिलं नाही. संध्याकाळी ताप चढला तेव्हा कळलं." ती जरा थांबली. "तो बरा आहे आता. आणि चूक माझीच, भिंतीवर कॅलेंडर होतं. मी तुम्हाला बोल लावायला आले नाही. फक्त दुरुस्त करून द्या."

काकांनी घड्याळ हातात घेतलं. बारा एकदा पार केले, कानाशी धरलं, उजेडात तिरपं केलं. ते सावकाश सरकणाऱ्या तारखेचं घड्याळ होतं, त्यात टक् होत नाही. काय झालंय हे त्यांना सिस्टर बोलत होती तेव्हाच समजलं असणार. घड्याळावर दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा सारखेच दिसतात. काटे लावून देताना बारा पार करायचे आणि तारीख हलली का ते बघायचं. हलली तर ती मध्यरात्र, पुढची सकाळ. नाही हलली तर दुपार. एवढंच बघायचं होतं, आणि त्यांना खिडकीतला आकडा दिसला नव्हता. त्यांनी अंदाजानं वेळ लावून दिली होती.

काटे बारा तास पुढे फिरवून तारीख जुळवली असती तर घड्याळ तिथल्या तिथे ठीक झालं असतं. सिस्टरनं आभार मानून नेलंही असतं. काकांनी ते तिच्यापुढे सरकवलं.

"सिस्टर, घड्याळात दोष नाही. मला दिसत नाही."

काकूच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते तिनं तसंच धरून ठेवलं. इतके महिने जे ऐकण्याची ती वाट बघत होती ते तिनं तिऱ्हाइतासमोर, दुकानात, उभ्या उभ्या ऐकलं.

"कधीपासून?" सिस्टरनं विचारलं.

"वर्ष होऊन गेलं. यावर इलाज नाही म्हणतात. माझ्यामुळे त्या माणसाला..." मग ते काकूकडे वळून म्हणाले, "यांच्या घड्याळाचे काटे तू फिरव. बारा पार कर, आकडा हलला की सांग."

काकूनं आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाची चावी ओढली ती अशी.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद झालं. ज्यांची घड्याळं आत होती त्यांची त्यांना परत केली. काका घरात खिडकीशी बसून असायचे. मी गेले की माझ्या डाव्या-उजव्या खांद्याकडे बघून बोलायचे, कारण तसं पाहिलं की माझा चेहरा कडेनं तरी दिसायचा. पूर्वीसारखं हसायचे नाहीत. जेवायला बोलावलं तर मुकाट्यानं यायचे. एक मिनिट हं म्हणणं बंदच झालं. काकू काजं करत समोर बसायची, आणि दोघांत दिवसभरात चार वाक्यं व्हायची.

असं दीड-दोन महिने गेल्यावर एका सकाळी काकूनं शिवणाचं सामान उचलून पलंगावर टाकलं आणि त्या जागी दुकानातला ट्रे आणून ठेवला. चिमटे, पेचकस, भिंग, आणि कुणीच न्यायला न आलेलं एक जुनं घड्याळ.

"शिकवा," ती म्हणाली.

"काय शिकवा? हे शिवणकाम नाही."

"ते कळतं मला. पण हात हेच आहेत, आणि मला दिसतं."

"या वयात?"

"मग काय, तरुण होईपर्यंत थांबू?"

काका कितीतरी दिवसांनी हसले. हसता हसता त्यांना भरून आलं, आणि काकूनं पदरानं भिंग पुसायचं काम काढलं, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

शिकणं सोपं गेलं नाही. पहिल्याच आठवड्यात तारखेचं कडं जागेवर धरून ठेवणारी बारीकशी स्प्रिंग चिमट्यातून निसटून उडाली. काकू दिवा घेऊन फरशी धुंडाळत राहिली. शेवटी काका खाली बसले, दोन्ही तळवे फरशीवरून हळूहळू फिरवत गेले आणि कपाटाच्या पायापाशी ती त्यांच्या हाताला लागली. दुसऱ्यांदा तिनं चावी अर्धीच ओढून, काटे न फिरवता नुसती तारीख पुढे ढकलायला घेतली आणि आतून काहीतरी करकरलं. काका पलीकडे बसून होते.

"घड्याळात किती वाजलेत?"

"अकरा."

"तरीच. त्या वेळी बोट आधीच दातात शिरलेलं असतं. तू वरून जोर दिलास, दात तुटला."

"मग?"

"मग काटे सहावर आणायचे, बोट मोकळं करायचं, नंतर तारखेला हात लावायचा. माझ्याकडून असे पाच दात तुटलेत. तुझा हा पहिला."

ती चूक तिच्या हातून पुन्हा झाली नाही. वर्षभरानं त्यांनी दुकान उघडलं. टेबलाशी काकू आणि शेजारच्या स्टुलावर काका. काही गिऱ्हाइकं आत डोकावून निघून गेली. घड्याळ बाईनं उघडायचं आणि आंधळ्यानं सांगायचं, हे त्यांना काही पटेना. एकानं तोंडावर विचारलं, "नेमकं काम कोण करतं?" काका म्हणाले, "दोघं मिळून एक माणूस होतो आम्ही. सांगा काय बिघडलंय." पहिल्या महिन्यात जी मोजकी घड्याळं आली, त्यांतली चार इस्पितळातली होती. सिस्टरनं पाठवलेली.

पुढे काकांची कडेची नजरही गेली. तोवर कामाची पद्धत बसली होती. उडी मारणाऱ्या तारखेचं घड्याळ जुळवून झालं की काकू काटे पावणेबारावर आणायची आणि सावकाश पुढे न्यायची. दुकानात कुणी बोलत असेल तर काका हात वर करायचे. कडं उडी मारायचं तेव्हा खिडकीतला आकडा काकूला दिसायचा आणि आवाज काकांना ऐकू यायचा.

"पडली. काटा कुठे आहे?"

"दोन मिनिटं अलीकडे."

"काढ काटे. पुन्हा बसव."

"अहो, दोन मिनिटांनी काय होतंय? सगळे झोपलेले असतात तेव्हा. कोण बघतंय?"

"सगळे नसतात झोपलेले. ज्याला झोप येत नाही ना, तो घड्याळच बघत पडतो."

त्या बंद दुकानाच्या दिवसांत काकूही तशीच जागी पडून असायची. ती काटे काढायची. पुन्हा तारीख पडेपर्यंत चावी फिरवायची, पडली की तिथेच थांबायची, आणि दोन्ही काटे बरोबर बारावर एकमेकांवर बसवायची. नुसत्या आवाजावरून काकांना स्प्रिंगचा जोर कळायचा. "थकलीय ही," म्हणायचे, "वर्षभरात तारीख मध्येच अडकेल." काकू बदलून टाकायची.

अशी अकरा-बारा वर्षं गेली. मी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेले. येईन तेव्हा दोघं त्या तिरप्या छताखाली बसलेली असायची, आणि काका माझ्या पावलांवरूनच मला ओळखायचे.

काकांना छातीचं दुखणं झालं. इस्पितळात ठेवलं, तोवर सिस्टर वॉर्डाची मुख्य झाली होती. तिनं खाट खिडकीजवळची दिली. त्यांना खिडकीचा काही उपयोग नाही हे तिला माहीत होतं, तिनं काकूसाठी दिली. एका दुपारी, काकू त्यांना वाटीतलं गार पाणी चमच्यानं देत असताना, ते गेले. शेवटचं बोलणं पाण्याबद्दलच झालं. "पुरे," एवढंच.

काकू फार रडली नाही. मी महिनाभर तिच्याजवळ राहिले. दुकान विकून आमच्याकडे चल, असं मी दोनदा सुचवलं. तिसऱ्यांदा तिनं सरळ सांगितलं, "तुझं प्रेम कळतं गं. पण तिथे मी दिवसभर करू काय?"

दुकान उघडल्यावर तिला पहिला फटका बसला तो आवाजाचा. तिनं जुळवून दिलेलं एक घड्याळ थोड्याच महिन्यांत परत आलं, तारीख दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेली. स्प्रिंग थकलेली होती. दिसायला चांगली होती, आणि तिनं इतकी वर्षं फक्त बघितलं होतं, ऐकलं नव्हतं. ऐकायला दुसरं माणूस होतं ना. त्यानंतर बरेच दिवस तिनं उडीची घड्याळं घेतलीच नाहीत. आलेल्या माणसाला ती दुसऱ्याचं दुकान दाखवायची. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी दार अर्धं लोटून ती एक चांगलं आणि एक थकलेलं घड्याळ समोर ठेवायची, डोळे मिटून दोन्हींचे काटे फिरवायची आणि कान देऊन बसायची. चांगल्याचा आवाज कोरडा येतो, थकलेल्याचा जरासा ओढलेला, असं ती मला सांगते. मला आजही दोन्ही सारखेच वाटतात. तिला फरक ऐकू यायला सहा महिने लागले. मग तिनं ती कामं परत सुरू केली.

आता ती पंचाहत्तरीला आली आहे. फक्त सकाळी बसते. गेल्या वेळी मी गेले तो महिन्याचा पहिला दिवस होता, आणि दुकानात गर्दी बघून मी चकित झाले. या घड्याळांना तीस दिवसांचा महिना कळत नाही. तीसनंतर ती मुकाट एकतीस दाखवतात, मग हातानं एक आकडा पुढे ढकलावा लागतो. वर्षातून चार वेळा, आणि फेब्रुवारी संपला की दोन-तीन आकडे. हे कुणालाही घरी करता येतं, काकूनं प्रत्येकाला शिकवलेलंही आहे. तरी तिची म्हातारी गिऱ्हाइकं त्या दिवशी घड्याळ घेऊन येतात, उंबऱ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसतात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात. सिस्टरही होती. निवृत्त झालेली, हात थरथरणारी, पायरीवर उशी घेऊन बसलेली.

एका आजोबांनी मनगट पुढे केलं. "बघा, अजून एकतीसच. मला महिन्याचा एक दिवस फुकटात मिळाला."

"मिळाला असला तरी ठेवता येणार नाही," काकू म्हणाली. तिनं काटे कुठे आहेत ते आधी बघितलं, चावी अर्धी ओढली, आणि एक आकडा पुढे केला. "झालं. पुढचे कोण? एक मिनिट हं, आधी चष्मा पुसते."