सरांचा एकच सूर

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की मला रायपूरच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवते. रसायनशास्त्राचे सर हजेरीपासून समीकरणापर्यंत सगळं एकाच सुरात सांगायचे आणि आम्ही पोट्ट्या मान खाली घालून उतरवून घ्यायचो. एका दुपारी नोट्स सांगता सांगता, त्याच सुरात ते म्हणाले, "गैस लीक हो रही है, सब बाहर जाओ." पेनं चालतच राहिली. डोकं जड व्हायला लागलं तरी. शेवटी शेजारच्या मैत्रिणीनं माझा दंड ओढला, "काहून लिहून राहिली? चाल बाहेर." मैदानात पोचल्यावर हातातली वही पाहिली, ते वाक्य पूर्णविरामासकट लिहून झालं होतं. आता मीही शिकवते. काल नोट्स सांगताना मध्येच, मुद्दाम म्हणाले, "पीछे आग लगी है." सगळ्यांनी लिहून घेतलं.