काखेतले दात

"पाणी बदललं का?"

आमच्या दातांच्या प्रयोगशाळेत नमस्काराऐवजी हेच चालायचं. विचारणारे काका म्हणजे आमचे तंत्रज्ञ, मूळचे भंडाऱ्याचे, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुरलेले. एकदा त्यांनी संचालकांनाही तेच विचारलं. ते दचकून म्हणाले, "कुलरचं?"

पाणी दातांचं असायचं. काढलेल्या दातांत सिमेंट भरून आम्ही ते सहा महिने बाटल्यांत ठेवायचो. सिमेंट दाताला धरून राहतं ते कोलॅजेनच्या बारीक धाग्यांमुळे. ओलाव्यात ते धागे हळूहळू तुटतात. किती तुटतात, ते मला मोजायचं होतं. अट एकच, तोंडाइतकी, म्हणजे सदतीस अंशांची ऊब सतत हवी. थंडीत धागे तुटायचे मंदावले, की माझी पीएचडी खोटं बोलणार.

पाचव्या महिन्यात, ऐन जानेवारीत, बाटल्यांचं गरम कपाट बंद पडलं. तसं कपाट गुरुग्रामच्या एका कॉलेजात होतं, पण धुक्यामुळे एकही कॅब मिळेना. मी रडायच्या बेतात.

"बेटा, माणसाइतकी ऊब हवी ना? मग माणूसच घे की!"

चार चिमुकल्या बाटल्या या काखेत, चार त्या काखेत, वर स्वेटर, आणि काका मेट्रोला निघाले.

"हाथ ऊपर कीजिए," तपासणीचा जवान म्हणाला.

"नहीं होगा. ठंड लग जाएगी."

"आपको?"

"दाँतों को."

"किसके दाँत?"

काका पडले प्रामाणिक. "ये तो पता नहीं, यार."

आम्हाला बाजूला घेतलं. मी कागद दाखवत होते, काका पेंग्विनसारखे हात आवळून उभे. शेवटी मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी कागद वाचले, एक बाटली उजेडात धरून पाहिली आणि हळूच मला म्हणाल्या, "डॉक्टर साहब, मेरी ये वाली देखेंगी?" मोबाइलच्या उजेडात मी त्यांची दाढ पाहिली. किडली होती. आम्ही सुटलो.

डब्यात एका आजोबांनी लगबगीने काकांना जागा दिली. त्यांना वाटलं, यांच्या छातीत कळ आली.

गुरुग्रामला पोहोचल्यावर काकांनी काखेत थर्मामीटर लावला. साडेछत्तीस. त्यांचा चेहरा पडला. "अर्धा अंश कमी पडलो गं. थोडा ताप यायला हवा होता."

बाकी नोंदी नीट लागल्या. पीएचडी झाली.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. तो गेल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन भंडाऱ्याला परतले. निघायच्या आठवड्यात त्यांनी स्वतःची अक्कलदाढ काढून घेतली आणि बाटलीत घालून माझ्या टेबलावर ठेवली.

"मी चाललो. अक्कल इथेच सोडून जातोय. प्रयोगाला घे."

प्रयोगाला दात नेहमीच कमी पडतात. ती दाढ मी दोनदा फ्रीजमधून काढली, दात कापायची करवतही सुरू केली. दोन्ही वेळा परत ठेवून दिली.