दोनदा वाचलाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पोटाच्या तक्रारीसुद्धा माझ्याआधी कळतात.

शिरूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो आणि दर रविवारी सकाळी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर ‘आठवड्याचं वाचन’ पाठवायला लागलो. राजकारण, संस्कृती, असल्या सात-आठ लेखांच्या लिंका आणि प्रत्येकीखाली माझा एक टोमणा. संपादकांची अक्कल, कवींचा गहिवर, पुढाऱ्यांच्या पायाशी बसलेले विचारवंत — कुणाला सोडलं नाही. शिरूर-दौंडकडचे मास्तर, आडते, माजी सरपंच लगेच अंगठे पाठवायचे. मला त्यांची कीव यायची. यांच्यातल्या एकानं तरी लेख उघडला असेल का?

पण मी तरी कुठं उघडत होतो? मथळा, फोटो, फार तर पहिल्या दोन ओळी. तेवढ्यावर माझं मत तयार असायचं.

वरवंडची रोहिणी माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं आपला पहिला लेख पाठवला, कुठल्याशा वेबसाइटवर आलेला. मथळा होता, ‘साहेबांचा वाढदिवस आणि आमची गजी’. गजी म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच. फोटोत तिचे वडील आप्पा, हातात ढोल, मागे साहेबांचा भला मोठा फ्लेक्स. बस्स! रविवारच्या यादीत लिंक टाकून मी खाली लिहिलं — ‘हुजरेगिरीला आता ढोलाची साथ.’ काय खूश झालो होतो त्या वाक्यावर! चहा निवला तरी तेच वाचत बसलो होतो. स्वतःचंच.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

“सर, आप्पांनी नाचायला न्हाई म्हणलं, त्याचीच गोष्ट हाय ती. ढोल खाली ठेवतानाचा फोटो हाय त्यो. ढोल बिरोबाम्होरं वाजतो, माणसाम्होरं न्हाई, असं तोंडावर सांगितलं त्यांनी. त्यापायी सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलमधनं नाव गेलं त्यांचं. आन् आता टपरीवर लोक त्यांनाच म्हणत्यात, या हुजरे.” आणि मग — “सर, तुम्ही लेख वाचला व्हता ना?”

नाही — एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं! पण आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेला माणूस मी, मला ते जमेल?

“दोनदा वाचलाय,” मी म्हणालो. वर्गातल्या आवाजात. “तुला म्हणायचंय ते मांडता आलेलं नाही, रोहिणी.”

ती हळूच म्हणाली, “चुकलं आसंल माझं, सर.”

मी ते ‘चुकलं’ ऐकून घेतलं. वर तिला ‘लिहीत राहा’ असंही सांगितलं — निर्लज्जपणा याहून वेगळा काय असतो? पुढच्या रविवारी यादी नेहमीसारखी गेली, अंगठे आले. आप्पांनी टपरीवर जाणं सोडल्याचं नंतर कुणाकडून तरी कानावर आलं. तेव्हाही मी ग्रुपवर चकार शब्द काढला नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी मी ती लिंक उघडली. पहिल्यांदा. पान उपलब्ध नाही, एवढंच आलं; तिनंच लेख काढून टाकायला लावला असणार.

रोहिणीचा नंबर माझ्याकडे आहे. वरवंड इथून काही लांब नाही. मी फोन केला नाही, गेलोही नाही. आपल्याला लिहिता येत नाही, असं तिला अजून वाटतं.