मरीआईचा गाडा आणि माझी ट्रंक

आमच्या सासुरवाडीत फ्लूची साथ मी आणली.

हे एवढं वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. मुळात मी कमी बोलणारा माणूस. त्यात टपालकचेरीतला कारकून, म्हणजे गोष्टी बंद पाकिटात ठेवण्याची सवय. पण आता केस पिकले, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टर म्हणाले, "मनात काही साठवू नका." तेव्हा घ्या, पाकीट फोडतो!

साल सत्तावन्न. जूनचा आरंभ. पुण्यात फ्लू आला होता. आमच्या कचेरीत सतरा खुर्च्यांपैकी अकरा रिकाम्या, आणि उरलेल्या सहांवरची माणसं शिंकत होती. वर्तमानपत्रात रोज छापून यायचं की गर्दी टाळा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. आमच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या जागेत नळ पाच बिऱ्हाडांत एक होता, त्यामुळे गुळण्या करायच्या तर आधी गर्दी करावी लागे!

बायको, म्हणजे सुमन, आधीच माहेरी थेरगावला गेली होती. तिच्या धाकट्या बहिणीचं, हिराचं, लग्न दहा दिवसांवर आलं होतं. पुण्यात मी आणि आमची सहा वर्षांची मंदा. माझ्या मनात एकच विचार: शहरात जंतू, खेड्यात मोकळी हवा. चला थेरगावला!

तेवढ्यात माझा मेहुणा धोंडिबा याचं कार्ड आलं. 'दाजी, लग्नाच्या आदल्या दिवसापोतर येऊ नका. पुण्याचं माणूस गावात घेत न्हाईत. चिंचवडच्या वाटेवर आमी पोरांची शिफ्ट लावली आहे.' (धोंडिबा नुकताच पिंपरीच्या एका कारखान्यात लागला होता. त्यानंतर त्याच्या घरी म्हशीचं दूधसुद्धा शिफ्टमध्ये निघे.)

मी कार्ड वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. पहिलं पाप.

दुसरं पाप असं, की त्या सकाळी माझं अंग मोडून आलं होतं आणि घसा खवखवत होता. मी स्वतःला बजावलं, ही नुसती पेठेतली धूळ आहे.

चिंचवडच्या वाटेवर पहारा, म्हणून मी शहाणपणा केला आणि आगगाडीतून अलीकडं कासारवाडीलाच उतरलो. एका हातात लोखंडी ट्रंक, खांद्यावर वळकटी, मागे मंदा. पिंपरीपासून एका बैलगाडीवाल्यानं नदीपर्यंत सोडलं आणि मी दुसऱ्यांदा शिंकल्यावर पैसेही न घेता तो निघून गेला. नदीला घोटाभर पाणी होतं. पलीकडे शेजारच्या गावची हद्द (नाव सांगत नाही, तिथं अजून आमची सोयरीक आहे), आणि ती संपली की थेरगावची. तिथवर येईतो माझे हात गुडघ्यापर्यंत लांब झाले होते.

आणि नेमका तिथं, शिवेवरच्या बाभळीखाली, एक छोटासा लाकडी गाडा उभा होता.

छान रंगवलेला. चार चाकं, पुढं दोरी. वर हिरव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी, एक नारळ, हळदकुंकू लावलेली लिंबं आणि पाय बांधलेली एक कोंबडी. आसपास चिटपाखरू नाही.

"बाबा, हा कुणाचा गाडा?" मंदानं विचारलं.

"असेल कुणा शेतकऱ्याचा. उद्या परत आणून ठेवू."

आता तुम्ही म्हणाल, अहो, एवढंही कळू नये? नाही कळलं! मी पेठेत जन्मलो, पेठेत वाढलो. मरीआई मला ऐकून माहीत होती. तिला वाहन असतं हे माहीत नव्हतं!

मी ट्रंक चढवली, वळकटी चढवली, वर मंदाला बसवलं. खणातली वस्तू तिनं बाहुलीसारखी मांडीवर घेतली. कोंबडीला मी माणुसकीच्या नात्यानं सोडून दिलं. वाटेत मंदाला तहान लागली, म्हणून नारळ फोडला. घशासाठी दोन लिंबं मी दगडावर पिळून चोखली. (हळद लावलेली होती ती. मला वाटलं, खेड्यातली माणसं किती आरोग्यदक्ष!)

गावात शिरलो तर सगळी दारं बंद. दुपार कलली होती, पण कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. "ऐक मंदा," मी म्हणालो, "याला म्हणतात खेड्यातली शांतता." वेशीत आल्यावर गाड्याचं चाक निखळलं. मी गाडा तिथंच सोडला, खणातली बाहुली त्यावर नीट ठेवली आणि सामान उचलून सासऱ्यांच्या दारात उभा राहिलो.

सुमननं दार उघडलं. "अगं बाई! तुम्ही? दादानं कार्ड टाकलं होतं ना, येऊ नका म्हणून?"

"कार्ड? कसलं कार्ड? वाटेत गहाळ झालं असेल."

(कार्ड माझ्या खिशात होतं. तिसरं पाप.)

माझे सासरे, तात्या, आतून आले. पहाडासारखा माणूस. माझ्याकडं बघून त्यांनी कपाळाला हात लावला, पण जावई उंबऱ्यात आलेला! "आलात ते आलात. घरातच ऱ्हावा. भाईर पडू नगा. आज लई मोठं काम झालंय. उगं विघ्न नगं."

"कसलं काम?" मी विचारलं.

धोंडिबानं अभिमानानं सांगितलं. "मरीआईला गाड्यावर बसवून वाजतगाजत शिवंभाईर सोडून आलो, दाजी! साथ गावात शिरायच्या आधीच तिच्यासंगं गेली. दिवेलागणीपोतर घराभाईर पडायचं न्हाई, न्हाईतर आई माघारी येती. तुमच्या पुण्यात रोगाला पेपरात छापत्यात. आमी त्याला गावाभाईर काढतो!"

मंदा म्हणाली, "बाबा, मग आपण..." मी चटकन तिच्या तोंडात लेमनची गोळी घातली.

सकाळी बोंब उठली. आई माघारी आली! वेशीत, तोंड गावाकडं! नारळ गायब, लिंबं पिळलेली, आणि भगताची कोंबडी त्याच्याच अंगणात दाणे टिपतीय! सगळं गाव तात्यांच्या दारात. भगत डोळे फिरवून म्हणाला, "ही आपली आपण आली न्हाई. कुनीतरी लोटलीया."

तात्या माझ्याकडं वळले. "पावणं, तुमी काल त्याच वाटंनं आला. कुनी दिसलं का?"

हा क्षण होता. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पन्नास माणसं आणि त्यांच्या हातातल्या काठ्या पाहिल्या, आणि माझ्या तोंडातून निघालं, "तशी... दोन-चार माणसं होती खरी. शिवेपाशी."

"पलीकडच्या गावची?"

मी शिंकलो. गावानं ती शिंक होकार धरली.

आणि त्या पलीकडच्या गावातच हिराचं लग्न ठरलेलं!

"मोडलं लगीन!" तात्या गरजले. "जे सोयरं आपल्या दारात साथ लोटत्यात, त्यांच्या घरात पोरगी द्यायची न्हाई!"

हिरा चुलीपाशी बसली होती. हळदीसाठी भरलेल्या हिरव्या बांगड्या हातात. ती रडली नाही. संध्याकाळी मला काढा द्यायला आली आणि हळूच म्हणाली, "दाजी, तुमी नक्की बगितलं का त्यान्ला? रामभाऊ तसलं न्हाईत वो." (रामभाऊ म्हणजे तिचा होणारा नवरा.)

काढा कडू होता. त्याचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

मग सुरू झाली शर्यत. थेरगावकरांनी चाक बसवून गाडा पुन्हा नेला आणि या वेळी शीव ओलांडून चांगला शंभर पावलं आत ढकलला. दुसऱ्या दिवशी तो ढोल वाजवत परत आला, सोबत नवऱ्या मुलाच्या बापाचा, आबांचा, निरोप: "आमाला तुमच्याकनं सून पायजे व्हती, साथ न्हाई!" तात्यांनी उलट निरोप धाडला: "मंग सून बी ऱ्हाऊ द्या!" देवी बिचारी बापजन्मात फिरली नसेल एवढी दोन दिवसांत फिरली.

इकडं मला सणसणून ताप भरला. माझ्यामागोमाग धोंडिबा पडला. मग भगत. मग धोंडिबाची पहिली शिफ्ट, पाठोपाठ दुसरी. गावकरी म्हणत, "बगा! आई माघारी आली आन् लागलीच साथ!" मी घोंगडीत पडून ऐकत होतो. कचेरीत जंतूंवर व्याख्यानं देणारा मी. पण गावाचं म्हणणं तारीखवार बरोबर जुळत होतं आणि माझ्या फायद्याचंही होतं, तेव्हा जंतूंची बाजू मी काही मांडली नाही.

मंदा मात्र धोका होती. तिला मी तीन दिवस शिकवलं. "कुणी गाड्याचं विचारलं तर काय म्हणायचं?" "गाडा? कसला गाडा? आम्ही तर चालत आलो." "शाब्बास!" की लेमनची गोळी. तिचं पाठांतर उत्तम होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सुमन धावत आली. "अहो, दोन्ही गावं शिवेवर जमलीत! काठ्या काढल्यात! तात्या म्हणतात, आज एक तर त्यांची डोकी, नाहीतर आपली!"

दारात हिरा उभी होती. ती एकेक बांगडी उतरवून सुपात ठेवत होती.

मी उठलो. अंगात ताप, डोक्यावर घोंगडी, एकाच पायात चप्पल. मंदाला बखोटीला धरलं आणि धडपडत शिवेवर पोचलो. दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये गाडा.

"थांबा!" मी ओरडलो. "गाडा मी आणला! मी ओढून आणला! वर माझी ट्रंक होती, वळकटी होती, ही मंदा होती! नारळ आम्ही खाल्ला! लिंबं मी चोखली!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"तुमी?" आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पावणं, ह्यो गाडा लोटताना आमचं चार गडी दोनदा खाली बसलं!"

"ह्यो मानूस गाडा वडनार?" तात्यांची काठी खाली आली. "आवो, दिवाळसणाला आला तवा इहिरीतनं बादली वडताना बादली वर यायच्या ऐवजी ह्योच खाली चालला व्हता! धोंडिबानं कंबर धरली म्हनून माझी सुमी सवाष्ण हाय!"

दोन्ही गावं हसायला लागली. मी जीव तोडून म्हणालो, "अहो, खरंच! ही पोरगी साक्षीला आहे! मंदा, सांग यांना, गाडा कुणी ओढला?"

मंदानं जमावाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गाडा? कसला गाडा? आम्ही तर चालत आलो."

आणि गोळीसाठी हात पुढं केला.

मग काय विचारता! हसून हसून माणसं मटकन खाली बसली. "ल्येकरू खोटं बोलत न्हाई!" तात्या म्हणाले. (मंदा आज शाळेत शिक्षिका आहे. मुलांना खरं बोलायला शिकवते.) आबांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "ऐका रं! दोन गावांचं भांडान मिटावं म्हनून ह्यो मानूस न केलेलं सोताच्या अंगावर घेतोय! तापानं फनफनलेला असताना! आन् आपुन? काठ्या घेऊन हुबं!"

"नाही हो आबा, मी खरंच..."

आबांनी मला कडकडून मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यावर तीनदा शिंकलो.

तिसऱ्या दिवशी ते गावही आजारी पडलं.

लग्न पंधरा दिवस पुढं गेलं, पण झालं. नवरा शाल गुंडाळून, नवरी पदर नाकाला लावून, आणि मंगलाष्टकांत दर ओळीला वऱ्हाडातून शिंकांची साथ! आईच्या कृपेनं म्हणा, सुंठीच्या काढ्यानं म्हणा, कुणी दगावलं नाही. हिरानं बांगड्या पुन्हा भरल्या, आणि मांडवात मला वाकून नमस्कार केला. तेव्हा मी कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून बुंदीकडं बघितलं.

त्यानंतर वीस वर्षं मी त्या घरी मोठा माणूस आहे. पहिलं पान माझं. नव्या सुनांना माझी गोष्ट सांगतात. दर वर्षी त्या गोष्टीतला गाडा मोठा होतो आणि मी वाळत जातो; आता तो चार बैलांनी ओढायचा झालाय आणि मला उभं राहायला काठी लागते. मी मध्ये दोन-तीनदा खरं सांगून पाहिलं. दर वेळी पानात एक लाडू जास्त पडला.

गेल्या महिन्यात हिराच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मांडवात दोन्ही गावांनी मिळून मला फेटा बांधला आणि बोलायला उभं केलं. मी ठरवूनच गेलो होतो. कार्ड लपवल्यापासून आबांच्या खांद्यापर्यंत सगळं सांगितलं, ताप घेऊन आलो होतो हेही सांगितलं. टाळ्या इतक्या वाजल्या की माझं शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही.

ते वाक्य होतं, "या फेट्याला मी लायक नाही, तो उतरवून घ्या."

पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणणार होतो. पण फेटा फार छान बसला होता!