जांभळ्यातला हिरवा

रविवारी सकाळी मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या टपरीवर आमची फोटोग्राफीची टोळी जमते. टोळीच म्हणायची, कारण आमच्या बॅगा बघून लोक बाजूला सरकून वाट देतात. अंगात बारा खिशांचं जाकीट, त्यातल्या अकरा खिशांत काही नाय. तिथून आम्ही जायकवाडीच्या पाण्यावर पक्षी टिपायला जातो. निघायच्या आधी तासभर एकच वाद घालतो: फोटो कॅमेरा काढतो का माणूस?

आमच्यातले दातांचे डॉक्टर कॅमेऱ्याच्या पक्षाचे. त्यांची लेन्स एवढी लांबलचक, की ती जोडून होईपर्यंत बगळा पोटभर खाऊन उडून जातो. मग डॉक्टर म्हणतात, लेन्स कमी पडली. दुसरे आमचे प्लॉटिंगवाले, ते नजरेच्या पक्षाचे. कॅमेऱ्यात काय नाय, नजर पायजे, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात आणि त्याच छातीवर टोळीतला सगळ्यात महागडा कॅमेरा लोंबत असतो. मीही नजरवालाच होतो. कारण काय, तर माझा कॅमेरा जुना होता. खोटं कशाला बोलू! नवा घेतला त्या दिवसापासून मीही दोन्हीकडून बोलायला लागलो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, पैठणला राहते. घरातच माग आहे, पैठण्या विणते. इतकी वर्षं व्यापाऱ्याच्या रेशमावर, व्यापाऱ्याच्या मजुरीवर विणत आली. साडी मागावरून उतरली की व्यापारी घेऊन जायचा आणि पुढं ती कुणाच्या अंगावर गेली ते आक्काला कधी कळायचं नाय. गेल्या वर्षी पहिल्यांदा तिनं रेशीम आणि जरीची तार स्वतःच्या हिमतीवर, थोडी उधारी करून आणली आणि सात महिने खपून स्वतःची साडी काढली. उभा धागा जांभळा, आडवा हिरवा. एका बाजूनं बघितलं तर जांभळी, जरा हललं की हिरवी. पुण्याच्या एका बाईंना कुणाकडून तरी कळलं. लेकीच्या लग्नासाठी त्यांना अशीच दुरंगी हवी होती. त्या म्हणाल्या, चांगले फोटो पाठवा, आवडली तर थेट तुमच्याकडूनच घेते. ही एक साडी अशी गेली असती, तर पुढचीही आक्कानं स्वतःच्याच रेशमाची विणली असती. व्यापाऱ्यापुढं हात बांधून उभं राहणं संपलं असतं.

आक्कानं मला फोन केला आणि तुझा तो मोठा कॅमेरा घेऊन ये म्हणाली. मी हुरळलो. टपरीवर बोललो, तर डॉक्टर आणि प्लॉटिंगवालेही निघाले. माग बघायला मिळतो म्हटल्यावर कोण मागं राहतंय! एका साडीचे फोटो काढायला गाडीभर सामान आणि तीन शहाणे पैठणला पोचले.

पुढं जो तमाशा झाला तो काय सांगू. आधी दारं-खिडक्या लावून घेतल्या, का तर बाहेरच्या उजेडाचा भरवसा नाय. मग दोन स्टँड, दोन दिवे आणि त्यांच्यावर पांढऱ्या छत्र्या. आक्काच्या सुनेनं उठून स्वयंपाकघरात जायचं म्हटलं तर वायर ओलांडताना तिची पंचाईत. साडी चटईवर सपाट अंथरली, सुरकुती दिसायला नको म्हणून चारी बाजूंनी ताणली. आक्का दोनदा म्हणाली की दार उघडा, पदर दारात तिरपा धरा, म्हणजे रंग खेळतो. डॉक्टरांनी तिला समजावलं की ताई, आमचे दिवे बरोबर उन्हासारखेच आहेत. तीस वर्षं जिनं रेशीम हाताळलं तिला हे उजेड शिकवत होते, आणि मी, सख्खा भाऊ, मान डोलवत होतो.

साडीचे फोटो दहा मिनिटांत उरकले. मग खरा कार्यक्रम सुरू झाला. प्लॉटिंगवाल्यांनी आक्काला मागावर बसवलं. मागावर तेव्हा धागाच चढवलेला नव्हता, तर म्हणाले, ताई, नुसतं विणल्यासारखं करा, आणि मांडीवर साडी असू द्या. ती बिचारी हसत रिकामा हात हलवत बसली. तिच्या बोटांवरच्या भेगा बघून तिघांच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढ्या जवळून, एवढ्या हावरटपणानं आम्ही कधी बगळाही टिपला नव्हता. दोन तास हातच काढत होतो.

घरी येऊन मी साडीचे फोटो कॉम्प्युटरवर घासूनपुसून लख्ख केले आणि आक्काला पाठवले. तिनं जसेच्या तसे पुण्याला पाठवले. दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. काम सुरेख आहे, पण आम्हाला दुरंगी हवी होती, ही तर साधी जांभळी दिसते. आक्कानं फोन करून सांगितलं की हिरवाही आहे, त्या म्हणाल्या, फोटोत तर कुठं दिसत नाय. त्यांनी दुसरीकडून घेतली. रेशमाची उधारी अंगावर होती, म्हणून पुढच्या सोमवारी आक्काची साडी पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडं गेली, तो देईल त्या भावात.

मी काय केलं? मी म्हणालो, आजकाल लोकांना पारखच नाय.

दोन महिन्यांनी आमच्या टोळीनं एक हॉल भाड्यानं घेऊन प्रदर्शन भरवलं आणि त्यात माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. फोटो आक्काच्या हातांचा, दारापेक्षा मोठा. मी फुशारकीनं तिला बोलावलं. एसटीनं आली, ठेवणीतली साडी नेसून. फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. हात, भेगा, नखं सगळं स्वच्छ होतं आणि मांडीवरच्या साडीच्या जागी जांभळा धुरळा.

"हात लई भारी आलेत," ती म्हणाली. "पण साडी कुठंय?"

मागची वस्तू पुसट करायची असते, त्यालाच कला म्हणतात, असलं काहीतरी मी बरळलो. ऐकता ऐकता तिनं पिशवीतून मोबाइल काढला. काच कोपऱ्यात तडकलेली. साडी मागावरून उतरली त्याच सकाळी तिनं काढलेला फोटो होता. सून दारात पदर धरून उभी, फोटो वाकडा, कोपऱ्यात खाटेचा पाय. पण पदराच्या वरच्या घडीत जांभळा होता, खालच्या घडीत हिरवा, आणि मधे मोर दोन्ही रंगांत पाय रोवून उभा होता.

डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "मोबाइल कोणता आहे हो, ताई?" त्यांनी विचारलं. मला त्यांचा असा संताप आला, आणि लगेच लाजही वाटली, कारण माझ्याही जिभेवर तोच प्रश्न आला होता.

मी आक्काला बाजूला घेतलं. हा फोटो आधीपासून होता, तर त्या बाईंना का नाय पाठवला, म्हणून विचारलं. तिनं मोबाइल पिशवीत ठेवला.

"तू एवढं सामान घेऊन, दोन पाहुणे घेऊन माझ्या दारात आला होतास," ती म्हणाली. "तुझे फोटो बाजूला ठेवून माझा पाठवला असता, तर त्या दोघांपुढं तुझं काय राहिलं असतं?"

चहाला थांब म्हटलं तरी ती थांबली नाय. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो, बक्षिसाची ढाल काखेतच राहिली होती. व्यापाऱ्याचं रेशीम सकाळी मागावर चढवायचं होतं, म्हणून तिला अंधाराच्या आत घरी पोचायचं होतं.