आत्याची पाठ आणि अडुळसा

ही पोस्ट मी वर्षभर टाळतोय.

आत्या गेली आणि तिचा अडुळसा मी मारला. खरं तर एवढंच लिहायचं होतं.

बुऱ्हाणपूरच्या घरी फाटकाजवळ होता तो. उन्हाळ्यात चार-चार दिवस नळ कोरडा, तरी हा हिरवागार. बकऱ्यासुद्धा तोंड लावायच्या नाहीत, इतका कडू. गल्लीत कोणी खोकलं की आलंच आमच्याकडे पानं न्यायला.

आत्यानं लग्न केलं नाही. मला तिनंच वाढवलं.

तिचा एक कायदा होता. फांदी मागायची नाही, चोरायची. चोरलेलं झाड लवकर लागतं म्हणे. कोणी आलं की ती पाठ फिरवून म्हणायची, "मी तिकडे पाहते. तुझं तू बघ."

वाकडं फक्त समोरच्या भाभीशी.
"बुआजी, इसमें साँप आते हैं. कटवा दो."
"साप माणसं पाहून येतात," आत्या म्हणाली.
तेव्हापासून बोलणं बंद. भाभी दिसली की आत्या पाठ फिरवायची.

मी बारावी नापास. एका जागी टिकत नाही. त्या दिवाळीत देडतलाईला काम मिळालं. निघताना आत्या म्हणाली, "एक फांदी चोर ना रे. जिथं राहशील तिथं खोच. माझ्यामागे ह्या घरात हे झाड राहणार नाही."

"पुढच्या वेळी नेतो."

"तुझी पुढची वेळ माहीत आहे मला."

तरी ती पाठ फिरवून उभी राहिली. बराच वेळ. मी बाईकला किका मारत होतो.

पंधरा दिवसांसाठी गेलो होतो. मग एक ट्रकवाला भेटला, मग इंदूर, मग... जाऊ द्या.
परत आलो ते तिला खांदा द्यायला.

तेरावं झालं, घर माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आलं आणि त्यानं अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले. कारसाठी. अडुळसा मुळापासून उपटला. मी मजुरांना चहा देत होतो.

महिन्याभरात फटीतून फुटवा आला. चार पानं.

"ॲसिड ओत त्याच्यावर," दादा म्हणाला.

ओतलं. खोली त्याची, ताट वहिनीचं. तोंड कसं उघडणार?
दोन दिवसांत पानं काळी.

आज सकाळी दादाचं स्टेटस. आत्याचा हार घातलेला फोटो, खाली "तुझी सावली कायम". सगळ्यांनी हात जोडलेत.
सावली होती तिथं कार उभी आहे.

आत्या, श्रद्धांजली लिहीत नाही. तेवढं तोंड राहिलं नाही माझं. जमलं तर माफ कर.

थांबा, फाटक वाजलं.

समोरची भाभी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात रंगाचा जुना डबा. डब्यात अडुळसा, गुडघ्याएवढा.

"बुआजी पीठ फेरकर खड़ी थीं, तब तोड़ा था," ती म्हणाली. "भैया घर पे नहीं हैं ना? चल, मैं उधर देखती हूँ."

डबा खाली ठेवून ती पाठ फिरवून उभी आहे.
आणि मी अजून टाइप करतोय.