मास्तरांचा खालचा ओठ

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची खोड सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. माणूस समोर उभा केला की टाचण्या ओठांत धरायच्या आणि दोन्ही हातांनी कापड अंगावर बसवत जायचं. बायको म्हणायची, एखाद दिवशी गिळाल. मास्तर म्हणायचे, तेवढा वेळ तरी माझं तोंड बंद असतं ना, मग तुझी तक्रार काय?

मग दाढ सडली. दातांच्या डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन टोचलं, तेव्हा हनुवटीपर्यंत सणकन करंट गेल्यासारखं झालं. पण सांगणार कसं? तोंड आ वासलेलं. दाढ निघाली, कळलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत बधिरपणा उतरेल म्हणाले. कसला उतरतोय! जीभ सुटली, गाल सुटला. खालचा अर्धा ओठ मात्र गेला तो गेलाच. पाणी पिताना हनुवटीवर ओघळायचं आणि बायकोनं सांगितलं की मास्तर पुसायचे.

चकरा मारून चपला झिजल्या. डॉक्टर काही वाईट नव्हते हो. क्वचित एखाद्याची नस दुखावते, बहुतेकांची हळूहळू भरूनही येते, असं त्यांनी नीट समजावलं.

"आणि नाही आली तर?"

"मग आमच्याही हातात फारसं काही नसतं, मास्तर."

आता यावर माणसानं भांडायचं तरी कोणाशी?

बायकोनं टाचण्या टोचायला मनगटावर बांधायची उशी शिवून दिली. मास्तर ती इमानेइतबारे बांधायचे. पण उभा जन्म एकाच वळणात गेलेला हात तो. कामात जीव रमला की टाचण्या घेऊन सरळ तोंडाकडे.

परवा एक मुलगी पांढरा झगा घालून स्टुलावर उभी होती. मास्तर गुडघ्यांवर बसून घेर टाचत होते. कितीतरी दिवसांनी हात असा झरझर चालला होता, म्हणून मोठ्या खुशीत होते बिचारे. तेवढ्यात मुलीचं खाली लक्ष गेलं आणि तिचा चेहराच उतरला. टाचणी मास्तरांच्या ओठात आरपार रुतली होती आणि घेरावर रक्ताचे डाग पडत होते.

बायकोनं धावत येऊन ती उपसली. मुलीनं घाबरत विचारलं, फार दुखतंय का?

"दुखलं असतं तर थांबलो नसतो का गं, पोरी?"

मुलगी आत जाऊन झगा उतरवून आली. मास्तर तसेच गुडघ्यांवर बसून होते. उठून आता करायचं काय, तेच त्यांना कळेना.